बिजलीची चंदी

"घोड्याले ओकता येत नाही, बाई."

डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला ऐकवलेलं हे वाक्य. नर्सिंगचं सर्टिफिकेट, एक पत्र्याची ट्रंक आणि दूरच्या एका काकांची ओळख एवढ्या भांडवलावर मी नाशिकहून नागपूरला आले होते. पहिल्या सकाळी धंतोलीतल्या दवाखान्यात हजर झाले, तर डॉक्टर खुर्चीत नव्हते. मागच्या अंगणात, तबेल्याच्या दारात ते उकिडवे बसले होते. बाह्या कोपरापर्यंत वर, पुढ्यात सूप, आणि सुपातले भिजवलेले हरभरे ते असे निवडत होते की जणू घरात वरपक्षाची पंगत बसायची आहे. मी नमस्कार केला. त्यांनी मूठभर हरभरे उचलून सरळ माझ्या नाकाखाली धरले.

"वास येते काय?"

"किंचित कुबट येतोय," मी म्हटलं.

त्यांनी अख्खं सूप उकिरड्यावर पालथं केलं आणि मग ते वाक्य म्हटलं. वर पुस्तीही जोडली, "माणूस खराब खाल्लं तं ओकून मोकळा होते. घोड्याले देवानं ते सोय देली नाही. आत गेलं ते गेलं. म्हणून आत जायच्या आधी पाहा लागते. तुमचं नाक चांगलं आहे. लागा कामाले."

सर्टिफिकेट त्यांनी कधीच पाहायला मागितलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

अंगानं म्हणाल तर डॉक्टर म्हणजे खुंटीला अडकवलेला कोट. उंच, काटकुळे, नाक धारदार आणि प्रकृती तोळामासा. मऊ भात आणि पातळ ताक यापलीकडे त्यांच्या ताटात मी वर्षानुवर्षं काही पाहिलं नाही. बिजली मात्र धडधाकट, तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी. नाव बिजली आणि चाल वरातीची. हे नाव तिच्या पहिल्या मालकानं ठेवलं होतं. "बदललं असतं," डॉक्टर म्हणत, "पण तिले ओ द्यायची सवय झाली होती." टांगा ते स्वतः हाकत. घोड्याची उस्तवार करायला मोतद्दार ठेवणं ही त्या काळची रीत, पण मोतद्दार म्हटलं की डॉक्टरांच्या कपाळाची शीर उडायची. त्यांचं म्हणणं, मोतद्दार ठेवला की अर्धी चंदी घोड्याच्या पोटात जाते आणि अर्धी त्याच्या कोंबड्यांच्या. चंदी म्हणजे घोड्याचा रोजचा दाणा. हा शब्द मी नागपुरात येईपर्यंत ऐकला नव्हता, आणि आल्यावर तो ऐकल्याशिवाय एक दिवस गेला नाही.

कारण ती चंदी घोडीपुरती कुठे होती! डॉक्टरांचं वैद्यकशास्त्रच तबेल्यातून सुरू व्हायचं. पाणी आधी, दाणा मग. एकदम पुष्कळ नको, थोडं थोडं आणि वेळेवर. अंग तापलेलं असताना ना दाणा ना पाणी, आधी घाम वाळू द्या. घोड्याचं पोट लहान आणि आतडं लांब. हे नियम बिजलीसाठी होते, पण ते सेक्रेटेरिएटमधल्या बाबूंनाही लागू होते, बाळंतिणींनाही आणि लहान पोरांनाही. पोराला तपासायला आणलं की ते आधी सदरा वर करत आणि बरगड्यांवरून पंजा फिरवत. "फासळी दिसू नाही, पण हाताले लागली पाहिजे. बस, एवढंच आरोग्य. बाकी सगळं बाटल्याईचं पाणी." बाटल्या भरून देणारी मी शेजारी उभी असायची, त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

इतवारीतले एक शेठजी पोटदुखी घेऊन यायचे. त्यांची फासळी हाताला लागण्याचा संभव या जन्मी नव्हता. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, चंदी अर्धी करा आणि सकाळी जुम्मा तलावाला फेरी मारा. शेठजी लालबुंद झाले. "डॉक्टरसाहब, मैं क्या घोड़ा हूँ?"

"घोड़ा होते तो बात मान लेते," डॉक्टर शांतपणे म्हणाले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. शेठजी रागावून गेले आणि आठवड्याच्या आत परत आले, कारण इतकं खरं बोलणारा माणूस त्यांना बाजारात कुठे भेटणार?

नागपूरचा उन्हाळा मी नाशिकला ऐकून होते. पण चुलीबद्दल ऐकणं वेगळं आणि चुलीत बसणं वेगळं. चैत्र चढला की दवाखान्याच्या वेळा बदलत, आणि त्या रोग्यांच्या सोयीनं नाही, बिजलीच्या. झुंजुमुंजु होताच रोग्यांच्या घरची फेरी सुरू, आणि ऊन तापायच्या आत घोडी निंबाच्या सावलीत. हरभरा उष्ण म्हणून कमी, त्याऐवजी भिजवलेले जव, हिरवा लसूणघास आणि पाण्यात खडेमीठ. कैरीचं पन्हं घरात दोन तऱ्हेचं व्हायचं. गुळाचं माणसांसाठी, मिठाचं बिजलीसाठी. डॉक्टर मिठाचं प्यायचे. लू लागू नये म्हणून त्यांनी आपली जुनी सोला हॅट दोन्ही बाजूंना कानांपुरती कापून बिजलीच्या डोक्यावर बांधली होती आणि स्वतः मात्र दुपट्टा गुंडाळून बसायचे. एकदा सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या एका गोऱ्या साहेबानं ती हॅट पाहून सवयीनं आपली हॅट उचलली. उचलल्यावर त्याला कळलं की आपण घोडीला रामराम केला. डॉक्टरांनी बिजलीच्या वतीनं मान लववली.

पावसाळ्यात तर दवाखानाच घोडीचा व्हायचा. ओलं कोवळं गवत घोड्याच्या पोटात वारा धरतं, म्हणून बाजारातून आलेला भारा ते आधी सुकवत. सुकवायला कोरडी जागा एकच, ती म्हणजे रोग्यांची बाकं. बाकांवर गवत पसरलेलं आणि रोगी भिंतीला टेकून उभे, असा देखावा श्रावणभर असायचा. कोणी चुकून गवतावर टेकलंच, तर आतून आवाज यायचा, "अहो, ते बिजलीचं जेवण आहे. तुमच्या ताटात कोनी बसलं तं चालन काय तुमाले?" कडब्याची प्रत्येक पेंडी ते उकलून पाहत. कुठे काळी बुरशी दिसली की सगळी पेंडी बाद. खुरांखाली चिखल साचून खूर कुजू नयेत म्हणून तबेल्यात लाकडी फळ्या घातलेल्या होत्या. आमच्या औषधांच्या कपाटाच्या मोडक्या पायाखाली मात्र नुसती वीट होती.

या गवताच्या बाकांपायी एकदा माझा संयम सुटला. एक पोटुशी बाई ताटकळत उभी होती आणि डॉक्टर गवत परतत होते. मी तणतणत मागच्या दारी गेले आणि डॉक्टरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना म्हटलं, "हे काय आहे? घोडी महत्त्वाची की माणसं?"

वहिनी वाती वळत होत्या. त्यांनी मला बसवलं आणि म्हणाल्या, "बाई, बिजलीच्या आधी त्याईच्यापाशी एक घोडा होता. लय गुणाचा. एका बाळंतिणीपायी भर उन्हात पार खेड्यापर्यंत पळवला त्याले. बाई वाचली, पोरगं वाचलं. घरी आले तं हे इतके खुश, का घोडा घामानं निथळून राहिला तेही पाह्यलं नाही. लाडानं त्याच्यापुढं बादलीभर गार पाणी ठेवलं आन् तोबरा गच्च भरून तोंडाले बांधला. आपल्या हातानं. संध्याकाळच्या आत घोडा गेला, पोटफुगीनं." त्यांनी वळलेली वात ताटलीत ठेवली. "त्या दिसापासून दुसऱ्याच्या हातचं घोड्याले देऊ देत नाही, आन् सोताच्या हातावर त्याईचा भरोसा नाही. म्हणून शंभरदा पाह्यतात. रागवू नका वं."

मी परत गेले आणि त्या पोटुशी बाईला माझ्या स्टुलावर बसवलं. गवताबद्दल पुन्हा कधी तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनात एका मुक्या जनावराचं मरण असं रुतून बसलंय, हे कळल्यावर मला त्यांचा राग येईना. उलट बिजली शिंकली तरी मी हातातली बाटली ठेवून तबेल्याकडे धावायला लागले.

डॉक्टरांचा आणखी एक नेम होता. कोणत्याही रोग्याच्या घरी ते पाण्याचा थेंबही घेत नसत. मग तो इतवारीचा शेठ असो की नाल्यापलीकडच्या विणकर वस्तीतलं खोपट. गूळ-पाणी नाही, चहा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. त्यांचं म्हणणं असं, की आजाऱ्याच्या घरात बाईनं एकाच जिवाकडे पाहावं. डॉक्टरच्या कपबशीकडे पाहू नये. म्हणणं खोटं नव्हतं. पण विदर्भातल्या माणसाला, दारात आलेल्याला काही न देता परत पाठवणं म्हणजे अंगात काटा मोडल्यासारखं होतं. विणकर वस्तीतल्या सगुणाबाईच्या पोराला विषमज्वर झाला होता, तेव्हा डॉक्टर रोज जायचे, कधी दिवसातून दोनदाही. पोरगं उठून बसलं, खेळायला लागलं, तरी त्या बाईनं पुढे केलेला तांब्या दर वेळी भरलेलाच आत जायचा. ती माझ्याकडे पाहायची आणि मी उगाच बॅग आवरत बसायची.

याच सुमारास बिजलीला काहीतरी होऊ लागलं. म्हणजे ती अंगानं सुटायला लागली. पंजा फिरवला तरी फासळी लागेना. डॉक्टर काळजीत पडले. त्यांनी हरभरा कमी केला, घोडी वाढली. कोंडा कमी केला, घोडी आणखी वाढली. संध्याकाळच्या तोबऱ्याला तर ती तोंडही लावेना. डॉक्टरांनी निदान केलं, भूक मंदावली आहे, अंगावर आलेली ही सूज आहे. आणि भूक लागावी म्हणून ओवा, सैंधव आणि सुंठ असा काढा सुरू केला. काढ्यानं गुण आला. दुसऱ्या दिवसापासून घोडी नव्या उमेदीनं फेरीला निघू लागली, आणि आठवड्याभरात तिच्या पोटाखालचा पट्टा एक भोक सैल करावा लागला.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. बिजली आपोआप थांबायला लागली. रस्त्यानं जाताना मध्येच एखाद्या घरासमोर पाय रोवून उभी राहायची, लगाम ओढला तरी हलायची नाही. पहिल्या वेळी डॉक्टर खाली उतरले आणि त्या घरात डोकावले, तर आत आमचे जुने रोगी, म्हातारे सेवानिवृत्त मास्तर, ताप घेऊन पडलेले. आठ-पंधरा दिवसांनी असंच दुसऱ्या घरी, तिथे पोराचा कान फुटलेला. आता एवढ्या मोठ्या घरात कोणाचं ना कोणाचं काहीतरी दुखतच असतं. पण डॉक्टरांचा चेहरा उजळला. "बाई, पाह्यलं? हिले रोग्याचं घर समजते! जनावराचं नाक आहे, बाप्पा!" त्या दिवसापासून घोडी थांबेल तिथे ते उतरायचे, बॅग घेऊन मी त्यांच्या मागे. घरातली माणसं गहिवरायची. पोरगं बरं होऊन महिना झाला तरी डॉक्टर आपण होऊन विचारपूस करायला आले! आणि आम्ही आत गेलो, की बाहेर बिजली एकटी असायची.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आम्ही नव्हतं ओळखलं.

बैलाला जसा पोळा, तसा घोड्याला दसरा. त्या दिवशी सकाळी वहिनींनी बिजलीला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि ओवाळलं. डॉक्टरांनी सणाची म्हणून चंदी अर्धीच दिली, कारण "सनाच्या दिवशीच माणसं मरतात, जास्त खाऊन." मग आम्ही फेरीला निघालो. त्या सकाळी बिजलीला जिकडेतिकडे रोगी दिसत होते. धंतोलीत थांबली, बर्डीवर थांबली, विणकर वस्तीत तर दर दोन घरांमागे थांबली. डॉक्टर हौसेनं उतरत होते. "सन आहे ना, घरोघरी पोटं बिघडली असन."

दुपारी घरी परतलो. डॉक्टरांनी टांगा सोडला आणि बिजली तबेल्यात न जाता अंगणातच उभी राहिली. पुढच्या पायानं माती उकरायला लागली. मग मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि गुडघे मोडून खाली बसायला गेली.

डॉक्टरांच्या हातातला लगाम गळून पडला. त्यांनी स्टेथॉस्कोप काढून तिच्या कुशीला लावला. घोड्याचं आतडं निरोगी असलं की सतत गुरगुरत असतं, हे त्यांनीच मला ऐकवलं होतं. त्यांनी एक बाजू ऐकली, दुसरी ऐकली. "बोलत नाही," ते म्हणाले, "काहीच बोलत नाही." मग तिच्या तोंडाशी नाक नेऊन त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही पाहा."

मी वाकले. वेलदोडा, जायफळ, गूळ आणि तूप. बिजलीच्या तोंडाला पुरणाचा घमघमाट सुटला होता.

शिजलेली हरभऱ्याची डाळ, त्यात गूळ आणि वर विदर्भाच्या हातानं सोडलेलं तूप. फसफसून पोट फुगायला आणखी काय हवं? डॉक्टर पांढरेफटक पडले होते. "उठवा तिले. लोळू देऊ नका, लोळली तं आतड्याले पीळ बसन." आम्ही तिला उठवलं आणि ते तिला अंगणात फिरवायला लागले. मी जवसाचं तेल कोमट केलं, त्यात हिंग आणि ओव्याची पूड कालवली. बांबूच्या नळीनं ते घोडीच्या घशात सोडायचं होतं. डॉक्टरांनी नळी धरली आणि मी त्यांचे हात पाहिले. मोठमोठी गळवं न डगमगता फोडणारे ते हात नळी पुन्हा पुन्हा पुसत होते, पुढे नेत नव्हते. मी नळी त्यांच्या हातातून घेतली आणि औषध मीच पाजलं. त्यांनी फक्त तिचं तोंड वर धरलं आणि तिच्या कानात सारखं म्हणत राहिले, "बस, माय, बस. झालं. झालं."

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? सीमोल्लंघनासाठी ठेवणीतले कपडे घालून, हातात आपट्याची पानं घेऊन निघालेली माणसं वाटेतच वळून आमच्या अंगणात आली. मास्तर आले, शेठजी आले, विणकर वस्ती तर सगळी आली. सगळ्यांचे चेहरे पडलेले आणि कोणीच डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा देईना.

"पोळी कोनं देली?" डॉक्टरांनी विचारलं.

जो तो हातातली आपट्याची पानं चाळायला लागला. मग एक बाई हळूच म्हणाली, "म्या एकच तं देली जी."

"म्याही एकच."

"आमच्या घरची तं लहानशी होती."

"हमने तो पोली दी ही नहीं," शेठजी घाईनं म्हणाले, "सिर्फ पेड़े."

मास्तरांनी घसा खाकरला. "माझी अर्धीच होती. तुम्हीच माझं गोड बंद केलं आहे डॉक्टर. पानात वाढलेलं अन्न टाकायचं कुठे? रोजचा शिराही मी तिलाच देतो."

"रोजचा?" डॉक्टरांनी विचारलं.

तेव्हा सगळं बाहेर पडलं. रोजची भाकर, रोजचा गूळ, काटोलच्या बागवानानं दिलेली संत्री. सगळ्यांनी फक्त एकच आणि फक्त थोडंच दिलं होतं. प्रत्येक घराला वाटत होतं की हे आपलं एकट्याचंच गुपित आहे. गर्दीच्या मागून वहिनींचा बारीक आवाज आला, "सकाळी म्या निवद दाखवला होता. तिनं खाऊन घेतला, तं काय करू?" मी तेवढी सुटले, आणि तेही नाशिकची उपरी म्हणून. दसऱ्याला घोड्याला भरवायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टर ओरडले. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. "काहून देलं? मारून टाकता काय तिले? काहून देलं?"

सगुणाबाई पुढे आली. हातातली आपट्याची पानं तिनं पदरात धरली होती. रडत होती, पण आवाज खणखणीत.

"तुमी पानी बी घेत नाही आमच्या घरचं. माह्या पोराले यमाच्या दारातून आनलं तुमी. आन् म्या तांब्या भरून आनला का तुमी नाही म्हनता. मंग आमी द्याचं तरी कोनाले जी? घोडी तं नाही म्हनत नाही."

डॉक्टरांनी बिजलीचा लगाम, जो ते कुणाच्याही हातात देत नसत, सगुणाबाईच्या नवऱ्याच्या हातात दिला. "हळू फिरवा," ते म्हणाले. "बसू देऊ नका." आणि स्वतः पायरीवर बसले.

त्या दसऱ्याला आमच्याकडे कोणी सीमोल्लंघनाला गेलंच नाही. सगळं गणगोत अंगणात होतं. आळीपाळीनं एकेकानं बिजलीला फिरवलं. शेठजींनीही फिरवलं, जरीचा फेटा सावरत, आणि त्यांना सांगितलेली फेरी एकदाची पुरी झाली. मी दर थोड्या वेळानं घोडीच्या कुशीला स्टेथॉस्कोप लावत होते, आणि दर वेळी सगळं अंगण श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होतं. ऊन उतरलं. निंबाची सावली भिंतीवर चढली. आणि मग कानात एक बारीकशी गुरगुर आली. मला वाटलं, भास झाला. पुन्हा ऐकलं.

"बोलली," मी म्हटलं. "डॉक्टर, बोलली!"

ते धावत आले, माझ्या कानातल्या नळ्या ओढून घेतल्या आणि डोळे मिटून ऐकत राहिले. थोड्याच वेळात बिजलीनं शेपटी वर केली, आणि जे व्हायला हवं होतं ते झालं. ढीगच्या ढीग, अंगणाच्या मधोमध. असा जल्लोष मी कुठल्या लग्नातही ऐकला नाही. म्हातारे मास्तर काठी उंचावून ओरडले, "डॉक्टर, सोनं आलं, सोनं!" आणि लोकांनी खरोखरच एकमेकांना आपट्याची पानं वाटली, त्या लिदीभोवती उभं राहून. डॉक्टर बिजलीच्या गळ्यात तोंड खुपसून लहान पोरासारखे रडत होते. कोणी तिकडे पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

डोळे पुसून ते वळले. "आजपासून बिजलीच्या तोंडापाशी कोनाचा हात दिसला तं माझ्याशी गाठ आहे." पुढचं वाक्य त्यांना कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा जड गेलं असणार. "तुमाले जे द्यायचं असन ते मले द्या. मी खाईन."

वहिनी मटकन ओट्यावर बसल्या.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. संक्रांतीपर्यंत बिजलीची फासळी हाताला लागायला लागली आणि डॉक्टरांची लागेनाशी झाली. सगळा जन्म त्यांच्या ज्या पोटानं मऊ भात मागितला, त्या पोटानं शिरा, पाटवडी, रोडगे सगळं निमूट पचवलं. "मले वाटत होतं माझं पोट कच्चं आहे," ते एकदा म्हणाले, "कच्चं नव्हतं, रिकामं होतं." बिजली जुन्या सवयीनं घराघरासमोर थांबायचीच. डॉक्टर तिच्या तोंडाला रिकामा तोबरा बांधायचे आणि आत जेवायला जायचे.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो दसऱ्यानंतरचा पहिला दिवस. बिजलीला विश्रांती होती, म्हणून आम्ही पायीच निघालो आणि डॉक्टर सरळ सगुणाबाईकडे गेले. तिचा नवरा मागावर बसला होता, त्यानं हात थांबवला. शेजारपाजारच्या बाया दारात जमल्या. सगुणानं घोंगडी अंथरली आणि ताट आणलं. ज्वारीची भाकर, वरण आणि कडेला भिवापुरी मिरचीचा लालभडक ठेचा. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. डॉक्टर मांडी घालून बसले आणि जेवायला लागले. पहिल्या घासाला त्यांच्या कपाळावर घाम आला, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. पण त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, बोटं चाटली आणि हात धुतले. सगुणा चौकटीला धरून उभी होती. तिनं श्वास घेतला होता की नाही, कोण जाणे.

"कसं झालं जी?" तिनं विचारलं.

मला वाटलं, आता ते म्हणतील, फार छान. पाहुणा तसंच म्हणतो. डॉक्टरांनी धोतराच्या सोग्याला तोंड पुसलं, थोडा विचार केला आणि घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "वरणात मीठ कमी आहे वं, सगुणा."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगुणा त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिचा चेहरा असा काही फुलला, की तो मला आजही दिसतो. ती धावत ओट्यावर गेली आणि अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "आयकलं काय वं? डॉक्टरसायेब म्हनते, माह्या वरनात मीठ कमी हाय!"